राज्य संपण्याच्या आदल्या दिवशी

टोरांटोत राहणारा माझा पुतण्या सध्या घराण्याची वंशावळ तयार करतोय. प्रत्येक नावाखाली जन्म, शिक्षण, नोकरी अशी थोडक्यात माहिती. मध्यंतरी त्यानं पहिला खर्डा घरच्या ग्रुपवर टाकला. माझ्या आजोबांच्या नावाखाली लिहिलं होतं, 'शिक्षण : बी.ए., मुंबई'. मी लगेच फोन लावला. म्हटलं, आजोबा मुंबईला कधी शिकले? तो म्हणाला, "काका, तुम्हीच तर सर्टिफिकेटचा फोटो पाठवलात. त्यावर मुंबई युनिवर्सिटी असं स्वच्छ छापलंय." खरंच छापलं होतं. दुरुस्ती त्यानं लगेच केली, पण माझ्या मनातून ते जाईना. आमचे आजोबा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात जन्मले आणि त्याच वाड्यात गेले. कॉलेजची सगळी वर्षं त्यांनी रावपुरा, कोठी, मग विश्वामित्रीचा पूल आणि कामाठीबागेचं फाटक असा रस्ता पायी तुडवला. समोर बडोदा कॉलेजचा तो अवाढव्य घुमट दिसायला लागला की चाल वाढवायची, असं ते सांगत. ज्या माणसाचं सगळं शिक्षण एका घुमटाखाली झालं, त्याच्या कागदावर त्या गावाचा उल्लेख कुठेच ठळक नाही.

अर्थात कागदाची काही चूक नव्हती. बडोदा कॉलेज १८८१ साली सुरू झालं ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं. शिकवायचं इथं, पदवी तिथली. विनोबांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. १९१६ साली ते इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीला निघून गेले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझं लक्ष वैराग्याकडे असायचं. आता मला त्यातली गाडी दिसते. बडोद्याच्या पोरानं परीक्षेला मुंबईच गाठायची, हे त्या काळात इतकं सहज होतं की गोष्ट सांगणाराही त्यापाशी थांबत नाही.

आणि हे कोणाच्या राज्यात? ज्यानं १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं, त्या सयाजीरावांच्या. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शाळेचं तोंड न पाहिलेला मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसतो आणि पुढे गावोगावी वाचनालयं काढतो, हे आम्हा बडोदेकरांना इतक्यांदा सांगितलं गेलंय की त्याचं नवल वाटेनासं झालंय. मला नवल वाटतं ते उलट बाजूचं. एवढं सगळं करणाऱ्या राजाच्या हयातीत विद्यापीठ मात्र झालं नाही. विचार होता. १९२६ मध्ये प्रा. विजरी यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी आयोगही नेमला गेला. पण १९३९ च्या फेब्रुवारीत महाराज गेले तेव्हाही आमच्या कॉलेजच्या पदव्या मुंबईहूनच येत होत्या. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. सयाजीरावांच्या नावानं त्यांनी ट्रस्ट उभा केला आणि विद्यापीठाचा कायदा झाला.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा जन्मदिवस ३० एप्रिल १९४९. बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मे १९४९ रोजी.

या दोन तारखा मी शाळेपासून वेगवेगळ्या पाठ केल्या होत्या. त्या शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. पुतण्याच्या फोननंतर पाहिल्या आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. एका राज्याला उद्या आपण नसणार हे ठाऊक आहे. त्याच्याकडे तिजोरी आहे, राजवाडे आहेत, जडजवाहीर आहे, आणि त्याच्या हातून सरतेशेवटी उभं राहतं ते विद्यापीठ. कायदेकानूंच्या, वाटाघाटींच्या ओघात तारखा तशा पडल्या असतील. मला मात्र त्यात घर सोडताना कर्त्या माणसानं शेवटची व्यवस्था लावावी तशी घाई आणि तसंच शहाणपण दिसतं.

आत्या त्या वेळी तेरा वर्षांची होती. आता ती नव्वदीला टेकलीये, कारेलीबागेत माझ्या घरापासून जवळच राहते आणि तिची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा धड आहे. मी तिला विचारलं, त्या दिवशी घरी काय झालं होतं? ती म्हणाली, "काही नाही. दादा कचेरीतून नेहमीसारखे आले, पगडी खुंटीला लावली आणि चहा न घेता गच्चीवर गेले." दादा म्हणजे माझे आजोबा, राज्याच्या वसूल खात्यात होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा मालक मुंबईत होता. आत्याला आठवतं ते इतकंच की आजीनं त्या रात्री त्यांना कोणी काही विचारू नका म्हणून सांगितलं होतं. आणि हेही आठवतं, की काही महिन्यांनी वाड्यात कोणीतरी म्हणालं, 'आता आपलं काय राहिलं इथं?' तेव्हा आजोबा म्हणाले, 'युनिवर्सिटी आहे की.' हे वाक्य मी आजवर तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ज्यांची पदवी मुंबईची होती, त्या माणसाचं हे वाक्य.

इथे जरा थांबून स्वतःशी खरं बोलायला हवं. बडोद्यातल्या मराठी माणसाच्या मनात गायकवाडीबद्दल जो उमाळा आहे, त्यात सत्ता गेल्याची हळहळही मिसळलेली आहे. आपण इथे राज्यकर्त्यांच्या भाषेतले होतो, ते राहिलो नाही, ही ती हळहळ. मला ती पटत नाही. विद्यापीठ कुणा एका भाषेच्या लोकांसाठी उभं राहिलं नव्हतं. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि वर्गात इंग्रजी अशी तिहेरी सवय आमच्या पिढ्यांना तिथेच लागली, आणि तिनं आमचं भलंच केलं. तरीही कला शाखेत मराठीचा विभाग आहे, तिथे कोणी तरी तुकोबा शिकवतं आहे, हे आठवलं की बरं वाटतं. दोन्ही भावना एकाच वेळी नांदतात. त्यातली एक खोटी ठरवायची गरज मला वाटत नाही.

पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही मुलगी, बडोदा कॉलेजचीच विद्यार्थिनी. पती डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेत देशातल्या स्त्रियांच्या वतीनं राष्ट्रध्वज अर्पण करणाऱ्या त्याच. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना बदलून 'सर्व माणसं' करायला लावली तीही त्यांनीच. १९४९ ते १९५८ अशी वर्षं त्यांनी विद्यापीठ घडवलं. मुलंमुली एकत्र शिकतात अशा भारतीय विद्यापीठाची पहिली स्त्री कुलगुरू बडोद्याला मिळाली, हे आपण सणासुदीला सांगतो. आत्या सांगते ते वेगळं आहे. तिच्या वर्गात हंसाबेन एकदा न सांगता आल्या. होम सायन्सची प्रयोगशाळा. मुली डाळी तराजूत तोलून त्यांतली प्रथिनं मांडत होत्या. आत्याला घरून मोठ्या कष्टानं परवानगी मिळाली होती, आणि तीही 'स्वयंपाकच शिकवतात ना, मग जाऊ दे' या हिशेबावर. हंसाबेन तिच्या टेबलापाशी थांबल्या, वहीतला तक्ता वाचला आणि गुजरातीत विचारलं, हा आकडा तू काढलास की पुस्तकातून घेतलास? मी काढला, असं ही म्हणाली. त्या मान हलवून पुढे गेल्या. एवढंच. पण तो आकडा आपण काढला होता, हे सांगताना आत्याचा आवाज आजही वेगळा लागतो. स्वयंपाकघराला विज्ञान मानणारी शाखा हंसाबेननी विद्यापीठ सुरू होताहोताच उभी केली. आमच्या वाड्यातल्या मोठ्या माणसांना त्याचा अर्थ कळायला एक पिढी गेली.

हे विद्यापीठ रचनेनंही निराळं. त्याच्याभोवती जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शेकडो संलग्न कॉलेजांचं जाळं नाही. शिकवणार तेच, परीक्षा घेणार तेच, पदवी देणार तेच. मुंबईच्या शिक्क्याखाली इतकी वर्षं काढलेल्या गावानं स्वतःचं विद्यापीठ काढताना हीच पद्धत निवडली, याचा मला आता अर्थ लागतो. आणि दुसरं म्हणजे ते एका आवारात मावत नाही. रिक्षावाल्याला नुसतं 'युनिवर्सिटी' सांगितलंत तर तो विचारतो, कुठली? आर्ट्स, टेक्नो, की म्युझिक कॉलेज? कारण या शाखा विद्यापीठानं काढलेल्याच नाहीत. त्या आधीपासून गावात होत्या, जिथे गरज पडली तिथे. इथे मुलंच आईपेक्षा वयानं मोठी आहेत.

सूरसागराच्या काठावरून संध्याकाळी गेलात तर अजून तबल्याचे बोल ऐकू येतात. एका खोलीत तबल्याचा कायदा चाललाय, शेजारच्या खोलीत कुणी सतारीची तार चढवतंय, खाली भेळ-शेवउसळीच्या गाड्यांचा कल्ला. ही मूळची गायनशाळा. १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्षांनी ती सुरू केली. गाणं घराण्याच्या उंबऱ्याआत शिकवायचं, बाहेरच्याला द्यायचं नाही, असा तो काळ. त्यात एका दरबारी गवयानं स्वरलिपी बसवावी, वर्ग घ्यावेत आणि कोणाही मुलाला शिकवावं, ही केवढी मोठी गोष्ट! पुढे फैयाज खाँसाहेबांसारखा गवई या गावाचा झाला. आमच्या लहानपणी वडील सूरसागराशी आले की बोलणं थांबवत. ऐकायला म्हणून नव्हे, तिथून जाताना बोलायचं नसतं म्हणून.

तिथून जवळच राजमहाल रोडवर कलाभवन. विद्यार्थी त्याला 'टेक्नो' म्हणतात. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांनी हे सुरू केलं तेव्हा रंगकाम, सुतारकाम, विणकाम, यंत्रं असं हाताचं शिक्षण देण्याचा त्यात विचार होता, आणि तेही लोकांच्या भाषेत. दादासाहेब फाळके त्याच वर्षी इथे आले. चित्रकला, छायाचित्रण असं बरंच काही त्यांनी इथे गिरवलं. आज तिथे इंजिनियर घडतात. कॉरिडॉरमध्ये तेलाचा आणि तापलेल्या धातूचा वास मात्र तोच असावा असं मला वाटत राहतं. वर्कशॉपच्या दारातून बाहेर पडणारी मुलं हात पुसत असतात. पदवीधर होणाऱ्या मुलाचे हात काळे झालेले पाहिले की मला या विद्यापीठाबद्दल विशेष जिव्हाळा वाटतो.

फाइन आर्ट्स मात्र नंतरची, १९५० ची. पुष्पबागेतल्या झाडांखाली तिथली मुलं दगड फोडत बसलेली असतात. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवायला आले आणि बडोद्याचे झाले. शंखो चौधरी आणि के. जी. सुब्रमण्यन यांनी आपापले हात तिथे लावले. पुरातत्त्वाच्या लोकांनी साठीच्या दशकात देवनी मोरीचा बौद्ध स्तूप खणून काढला. पदार्थविज्ञानाचा एक विद्यार्थी, वेंकटरामन रामकृष्णन, १९७१ मध्ये इथून बी.एस्सी. होऊन बाहेर पडला आणि २००९ मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही नावं सगळे घेतात, म्हणून मी त्यांच्यापाशी फार रेंगाळत नाही. मला रेंगाळायचंय विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरापाशी, म्हणजे जुन्या पोथ्यांच्या संस्थेपाशी, जिथे फारसं कुणी जात नाही.

महाभारताची चिकित्सित आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेनं काढली हे मराठी वाचकाला सांगायला नको. वाल्मीकि रामायणाची बडोद्याच्या या मंदिरानं काढली, हे मात्र पुण्यातल्या माझ्या मित्रांनाही सांगावं लागतं. १९५१ मध्ये काम हाती घेतलं. पहिलं कांड छापून आलं १९६० मध्ये आणि सातवं १९७५ मध्ये. देशभरातल्या वेगवेगळ्या लिपींतली हस्तलिखितं जमवायची, एकेका श्लोकाचे पाठ शेजारी मांडायचे, कुठला जुना, कुठला मागून घुसलेला, ते ठरवायचं. माझ्या वडिलांचे एक स्नेही त्या कामात होते. ते घरी आले की आई त्यांच्यापुढे दिवा जरा जवळ सरकवायची, कारण त्यांच्या डोळ्यांनी हळूहळू दगा द्यायला सुरुवात केली होती. एकदा वडिलांनी विचारलं, या आठवड्यात काय झालं? ते म्हणाले, "एक 'च' काढला." एक अव्यय! आणि चेहऱ्यावर केवढं समाधान. त्या माणसाला पगार देणारी, त्याला घाई न करणारी संस्था आपल्या गावात होती. सातवं कांड आलं तेव्हा सुरुवात करणारे सगळे उरले नव्हते.

मोठेपणाच्या या गोष्टी सांगताना कामाठीबाग टाळून पुढे जाता येत नाही. आर्ट्सच्या, म्हणजे जुन्या बडोदा कॉलेजच्या, घुमटापासून ती अगदी जवळ आहे. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, कोलंबियात शिकले, लंडनला गेले आणि १९१७ मध्ये ठरल्याप्रमाणे नोकरीसाठी बडोद्याला परतले. या गावानं त्यांना राहायला जागा दिली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं. तिथेही लोक काठ्या घेऊन आले. मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते याच बागेत बसले. शिष्यवृत्ती देणारं राज्य आणि खोली नाकारणारं गाव एकच होतं. आमचा वाडा त्या गावात होता. १९१७ मध्ये आमच्या वाड्याचं दार त्यांनी ठोठावलं असतं तर उघडलं असतं का, हे मी आत्याला विचारलं. तिनं वेळ न लावता सांगितलं, "नाही." राजाला जे सुचलं ते प्रजेला पचायला वेळ लागतो, असं म्हणून सुटका करून घेता येईल. मला ती करून घ्यायची नाही. घुमट जेवढा आमचा, तेवढीच ती बागेतली संध्याकाळही आमची.

आत्याचा आणि विद्यापीठाचा संबंध पदवीनंतर संपला नाही. ती नोंदणीकृत पदवीधर होती. सेनेटच्या, म्हणजे विद्यापीठाच्या सर्वसाधारण सभेच्या, निवडणुकीत पदवीधरांना आपापल्या शाखेतून प्रतिनिधी निवडता यायचे. मतदानाच्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसायची. मी स्कूटरवर सोडायला जायचो. फत्तेगंजपासून भिंतींवर पोस्टरं, पॅनेलांच्या टोप्या घातलेली पोरं, चिठ्ठ्या वाटणारे, घोषणा. या निवडणुकांमध्ये गटबाजी होती, पक्षांचे हात होते, आरडाओरडा होता. सेनेट म्हणजे विद्वानांची सभा, असं मी म्हणणार नाही. पण होम सायन्समधून बाहेर पडलेली एक निवृत्त बाई उमेदवाराला गाठून विचारू शकायची की तुम्ही मुलींच्या हॉस्टेलचं काय करणार, आणि त्याला उभं राहून उत्तर द्यावं लागायचं. २०२३ मध्ये राज्य सरकारनं आमच्या विद्यापीठासकट इतर विद्यापीठं एकाच कायद्याखाली आणली. सेनेट आणि सिंडिकेट ही कार्यकारी समिती गेली, त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आलं. कारभार सुटसुटीत होईल, निर्णय लवकर होतील, असं त्यामागचं म्हणणं. होतही असतील. माझी अडचण वेगळी आहे. शेकडो कॉलेजं सांभाळणारं विद्यापीठ आणि मौलाबक्षांची गायनशाळा, गज्जरांचं कलाभवन, हंसाबेनची प्रयोगशाळा एकत्र बांधून झालेलं विद्यापीठ, यांना एकच माप कसं लागू पडेल? एक 'च' काढायला आठवडा लागला, हे त्या मंडळातल्या कुणाला पटवून द्यायचं? ज्यांनी इथे काही वर्षं काढली आहेत, ज्यांचे हात इथे काळे झाले आहेत, त्यांना विचारायची सोय कायद्यात हवी. लोकांनी भरलेल्या सभेत प्रश्न विचारता येणं हा विद्यापीठाच्या शिकवण्याचाच भाग आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

आत्यानं यावर भाषण केलं नाही. तिनं मला कागद-पेन घेऊन बसवलं आणि कुलगुरूंच्या नावे पत्र सांगितलं, गुजरातीत. पहिला प्रश्न : जुन्या पोथ्या ज्या खोल्यांत आहेत तिथल्या दमटपणाची तपासणी केव्हा केव्हा होते? दुसरा : नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे गाण्याचे वर्ग पुढेही चालू राहणार ना? तिसरा : होम सायन्सच्या जुन्या विद्यार्थिनींच्या प्रयोगवह्या कुणी जपून ठेवल्या आहेत का, असतील तर त्या पाहायला मिळतील का? मी म्हटलं, तिसरा प्रश्न कशाला, उत्तर येणार नाही. ती म्हणाली, "तो आधी लिही." मी पुन्हा नव्यानं कागद घेतला, तिसरा प्रश्न वर आणला. खाली तिनं थरथरत्या हातानं सही केली, सहीखाली पदवी आणि साल लिहिलं, आणि रावपुऱ्याच्या पोस्टातून रजिस्टर्डच कर म्हणून बजावलं.